अद्भुताचे साहित्य आणि समीक्षेचे उत्तरदायित्व

एप्रिल १९३६ मध्ये लखनौ येथे प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी प्रेमचंद होते. त्यांनी त्या प्रसंगी केलेले भाषण आधुनिक भारतीय साहित्यविचारातील एक महत्त्वाचा टप्पा मानले जाते आणि ते योग्यच आहे. सौंदर्याची प्रचलित कसोटी बदलावयास हवी, साहित्याने श्रमणाऱ्या माणसाच्या जीवनाकडे पाहावयास हवे, ही त्या भाषणातील मागणी पुढील अनेक दशके भारतीय भाषांतील लेखकांना प्रेरणा देत राहिली. मात्र या मागणीला एक दुसरी बाजूही होती. मनाला येईल तसे तिलिस्म बांधीत बसणाऱ्या जुन्या कथाकारांवर प्रेमचंदांनी त्याच भाषणात टीका केली आणि 'फसाना-ए-अजायब', 'बोस्तान-ए-खयाल' व 'चंद्रकांता संतति' यांची नावे उदाहरणादाखल घेतली. या कथांचा जीवनाशी संबंध नाही, केवळ मनोरंजन आणि विस्मयाची तृप्ती हाच त्यांचा हेतू आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

यांपैकी 'फसाना-ए-अजायब'चे कर्ते रजब अली बेग सुरूर हे लखनौचे. ज्या नगरात हे भाषण झाले त्याच नगरात मुनशी नवलकिशोर यांच्या छापखान्याने 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही भारतीय अद्भुतकथेतील बहुधा सर्वांत विस्तीर्ण कृती प्रसिद्ध केली होती. आपण बालपणी गोरखपुरात या होशरुबाचे खंड अधाशीपणाने वाचले, हे स्वतः प्रेमचंदांनीच लिहून ठेवले आहे. अद्भुताच्या वाचनावर ज्याचे कथाकारमन पोसले, त्यानेच पुढे अद्भुताला साहित्याच्या दाराबाहेर उभे केले, असा हा प्रसंग आहे.

याबद्दल प्रेमचंदांना दोष देण्याचे कारण नाही. परकीय सत्तेखाली आणि दारिद्र्याखाली दबलेल्या समाजाच्या लेखकाने त्या क्षणी वास्तवाची बाजू घेणे स्वाभाविक आणि आवश्यकही होते. प्रश्न त्यानंतरचा आहे. एका क्षणाची गरज म्हणून घेतलेली भूमिका पुढे विद्यापीठीय समीक्षेची सवय होऊन बसली. अद्भुतकथा, भयकथा, विज्ञानकथा यांना 'रंजनपर', 'लोकप्रिय', 'हलकेफुलके' या शब्दांत गुंडाळून बाजूस ठेवण्यात आले. या उपेक्षेचे परिणाम दोन. पहिला असा की, या साहित्याचे मूल्यमापन करण्यास योग्य अशी कसोटीच तयार होत नाही. या परिणामाची चर्चा अधूनमधून होते. दुसरा परिणाम मात्र फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही: समीक्षा ज्या ग्रंथांकडे पाठ फिरवते, ते ग्रंथ कालांतराने प्रत्यक्षात नाहीसे होतात. लखनौचा अनुभव हेच सांगतो, आणि मराठी अभ्यासकांनी तो आपल्या घरचा इशारा समजून ऐकावयास हवा.

मुनशी नवलकिशोर (१८३६–१८९५) यांनी १८५८ मध्ये, म्हणजे उठावाच्या ज्वाळा पुरत्या विझल्या नव्हत्या अशा काळात, लखनौ येथे छापखाना घातला. धर्मग्रंथ, कोश, वैद्यक, कायदा, काव्य असे सर्व काही तेथे छापले जात असे. उर्दू, फारसी, हिंदी, संस्कृत, अरबी या भाषांतील हजारो ग्रंथ या एका छापखान्यातून बाहेर पडले. दास्तान ही तोपर्यंत मुख्यतः ऐकण्याची गोष्ट होती. चौकात, रईसांच्या हवेल्यांत आणि अफूच्या अड्ड्यांवर दास्तानगो ती रात्रीमागून रात्र सांगत. अमीर हमजाची कथा फारसीतून आली. अकबराच्या चित्रशाळेत तिच्यावर सुमारे १४०० चित्रे तयार झाली. उर्दूच्या मुखी ती रुळली तेव्हा मूळ कथेचा सांगाडा तेवढा राहिला आणि त्यावर लखनवी कल्पनेने नवे शरीर चढवले. नवलकिशोर यांनी दास्तानगोंना बोलावून ही मौखिक संपदा लिहून घेतली. मुहम्मद हुसेन जाह, अहमद हुसेन कमर आणि शेख तसद्दुक हुसेन हे या कार्यातील तीन प्रमुख पुरुष होत. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे पहिले चार खंड जाह यांनी आणि उरलेले कमर यांनी रचले. ते १८८३ ते १८९३ या दशकात छापले गेले. होशरुबा हा मोठ्या मालिकेचा केवळ एक भाग. अमीर हमजाची समग्र मालिका ४६ खंडांची असून ती पूर्ण होण्यास १९१७ साल उजाडले. खंडामागे सरासरी ९०० पृष्ठे धरली तरी तिचा विस्तार चाळीस हजार पृष्ठांपलीकडे जातो.

हा पसारा निव्वळ शब्दांचा फुलोरा नव्हता. त्याला स्वतःचे शास्त्र होते. रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी, म्हणजे युद्ध, मैफल, मायानगरी आणि वेषांतरपटू हेरांचे कौशल्य, ही दास्तानची चार अंगे मानली जात आणि श्रोता या चारही अंगांचा तोल पाहात असे. तिलिस्म म्हणजे वाटेल ते घडणारी जागा नव्हे. जादूगाराने रचलेले ते एक विश्व असते. त्याला स्वतःचे नियम असतात, त्याचे आयुष्य ठरलेले असते, ते भेदणारा पुरुषही पूर्वनियोजित असतो, आणि भेदाची किल्ली एका पाटीवर, 'लौह'वर, लिहिलेली असते. होशरुबाचा सम्राट अफरासियाब सामर्थ्यवान खरा, पण त्यालाही आपल्या विश्वाचे नियम मोडता येत नाहीत. त्याच्या विरुद्ध उभ्या राहणाऱ्या सेनेतील अनेक पराक्रमी नायिका जादूगारणी आहेत. बंडखोरांची धुरा वाहणारी महरुख ही त्यांतील एक. एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी कादंबरीने स्त्रीला जेवढे रणांगण दिले त्याच्याशी या कथेची तुलना करावयाची झाल्यास, 'जीवनाशी संबंध नाही' हा निर्णय देताना अभ्यासकाला किंचित थांबावे लागेल.

समीक्षा थांबली नाही. होशरुबाचा शेवटचा खंड निघाला त्याच सुमारास, १८९३ मध्ये, हालींचा 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' प्रसिद्ध झाला आणि उर्दू साहित्यविचाराला साधेपणा, नैसर्गिकता व नैतिक उपयुक्तता या कसोट्यांचे वळण लागले. हालींचा विषय काव्य होता. पण ती वृत्ती सर्वच साहित्यप्रकारांवर पसरली. पुढे कादंबरी हा गद्यकथेचा आदर्श ठरल्यावर दास्तानला कादंबरीची अपरिपक्व पूर्वावस्था मानण्यात आले. तिच्यात पात्रविकास नाही, पुनरुक्ती फार, कथानकाला एकसूत्रता नाही, शक्याशक्यतेचा विवेक नाही, अशी दोषांची यादी तयार झाली. कलीमुद्दीन अहमद, ज्ञानचंद जैन यांसारख्या अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या मध्यास दास्तानवर ग्रंथ लिहिले, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची आहे. तथापि दास्तानला तिच्या स्वतःच्या नियमांनी तपासण्याचे काम पूर्णत्वाने हाती घेतले ते शम्सुर्रहमान फारुकी (१९३५–२०२०) यांनी. 'साहिरी, शाही, साहिबकिरानी' या त्यांच्या बहुखंडी अभ्यासाचा पहिला खंड १९९९ मध्ये निघाला. दास्तान सांगण्याकरिता रचलेली असते, वाचण्याकरिता नव्हे, हे त्यांचे मूळ प्रतिपादन. ते एकदा मान्य केले की पुनरुक्ती हा दोष राहात नाही; ती निवेदकाच्या स्मृतीची आणि श्रोत्याच्या अपेक्षेची व्यवस्था ठरते. पात्र बदलत नाही, कारण श्रोत्याला त्याचे बदलणे नको असते. ठाऊक असलेला अमर अय्यार आज कोणती नवी युक्ती काढतो, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

हा सिद्धान्त जितका महत्त्वाचा तितकीच त्यामागील एक व्यावहारिक गोष्ट महत्त्वाची आहे. फारुकींनी अभ्यासास आरंभ केला तेव्हा ४६ खंडांचा पूर्ण संच कोणा एका ग्रंथालयात जाऊन मागावा आणि मिळावा अशी स्थिती नव्हती. खंड एकेक करून, वर्षानुवर्षे खटपट करून गोळा करावे लागले. नवलकिशोर छापखाना विसाव्या शतकाच्या मध्यास वारसांत विभागला गेला. जुन्या आवृत्त्यांचे कागद जीर्ण झाले. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयाने १९८८ मध्ये होशरुबाचे पुनर्मुद्रण केले, तेव्हा त्याचे खंड पुन्हा वाचकांच्या हाती पडू लागले. ज्या कृतीच्या प्रती एके काळी घरोघर होत्या, तिच्या संपूर्ण संचाकरिता एका विद्वानाला आयुष्याची वर्षे घालवावी लागली. यास वाळवी आणि आर्द्रता कारणीभूत झाली असे म्हणणे अपुरे आहे. ग्रंथपाल तेच जपतो, जे पुढे अभ्यासिले जाईल असे त्यास वाटते; आणि काय अभ्यासिले जाईल हे समीक्षक ठरवतात.

लखनौहून महाराष्ट्राकडे वळले असता चित्र वेगळे दिसत नाही. मराठी गद्यकथेचा आरंभच अद्भुताच्या सावलीत झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यात कमीपणा मानला नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. हातिमताई, गुलबकावली यांसारख्या कथांनी, म्हणजे होशरुबाच्याच गणगोतातील कथांनी, त्या पिढीचे वाचन घडवले. तरीही वाङ्मयेतिहासात या कादंबऱ्यांना स्थान मिळते ते हरिभाऊ आपट्यांपूर्वीचा अंधार म्हणून. 'अद्भुतरम्य' हे विशेषण मराठी समीक्षेत वर्णनाकरिता न येता निकाल देण्याकरिता येते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) सामाजिक म्हणून आद्य आणि आदरणीय. 'मुक्तामाला' तिच्यानंतरची असूनही मागासलेली. ही कालगणना उर्दूतील कालगणनेसारखीच आहे. वास्तववाद हे गंतव्यस्थान एकदा ठरले की त्या वाटेवर नसलेले सर्व आडवाटेचे ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यातील एका प्रकाराला दार उघडले गेले. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली आणि तिने विज्ञानकथेच्या स्पर्धा घेण्यास सुरुवात केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पारितोषिकास पात्र ठरली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव धारण करणारे लेखक जयंत विष्णु नारळीकर होते, हे नंतर उघड झाले. कराड येथील १९७५ च्या साहित्यसंमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या वळणाची दखल घेतली. 'यक्षांची देणगी' हा नारळीकरांचा कथासंग्रह १९७९ चा. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाने हा प्रवाह रुंद झाला. फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये काढला. नाशिक येथील २०२१ च्या अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना लाभले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा मराठी विज्ञानकथेचा शिल्पकार हरपल्याची भावना सर्वत्र व्यक्त झाली.

हा सन्मान यथार्थच होता. परंतु तो कोणत्या प्रवेशपत्रावर मिळाला, हेही पाहावयास हवे. विज्ञानकथा स्वीकारली गेली ती विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून आणि तिच्या पाठीशी थोर शास्त्रज्ञाचे नाव होते म्हणून. साहित्य अकादमीने २०१४ मध्ये नारळीकरांना पुरस्कार दिला, तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास. ते आत्मचरित्र त्या पुरस्कारास सर्वथा योग्य आहे. तरी ज्या प्रकारात लेखकाने मराठीला नवे दालन दिले त्या प्रकाराबाबतचा वाङ्मयीन निर्णय त्यामुळे अनिर्णीतच राहिला. विज्ञानकथेची परीक्षणे चाळली असता विज्ञान अचूक आहे की नाही याची चर्चा विपुल आढळते. काळाची रचना, निवेदकाचे स्थान, विस्मयाची भाषा यांची चर्चा विरळ असते. उपयुक्ततेच्या तत्त्वावर मिळालेला प्रवेश हा हालींच्याच कसोटीने मिळालेला प्रवेश आहे.

ज्यांच्याजवळ असे प्रवेशपत्र नव्हते ते बाहेरच राहिले. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचा 'समर्थ' अनेक पिढ्यांच्या वाचकांना घरच्या माणसासारखा परिचित आहे. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत, गूढ आणि भयकथेला हक्काचे व्यासपीठ दिले. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांना नाटककार म्हणून समीक्षेने गौरवले; त्यांच्या गूढकथांचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात उरकला. २०१८ मध्ये 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शकाने त्याच्या मुळाशी असलेल्या धारपांच्या कथेचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या प्रतिष्ठित कादंबरीवरून घेतले. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि नव्या पिढीने तो डोक्यावर घेतला. ज्या लेखकाची कल्पना भाषेची सीमा ओलांडून देशभर पोहोचली, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी त्याच्या समग्र लेखनाची शास्त्रशुद्ध सूची हाताशी असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. पण असे लेखन राहात आले ते फिरत्या वाचनालयांच्या फळ्यांवर, पुठ्ठा निखळलेल्या, पाने गळालेल्या प्रतींत. ती वाचनालये एकामागून एक बंद होत आहेत आणि त्यांतील ग्रंथ रद्दीच्या भावाने विकले जात आहेत.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. ज्या भूमीच्या काव्यशास्त्राने अद्भुत आणि भयानक यांना आठ रसांत बसवले, विस्मय व भय यांना स्थायिभावांचा दर्जा दिला, त्याच भूमीच्या आधुनिक समीक्षेला या दोन भावांवर उभारलेले साहित्य हीन वाटावे! अर्थात प्राचीन परंपराही निर्दोष नव्हती. भरताने भय हा भाव मुख्यतः स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्याकडे सोपवला. भयाचा संबंध खालच्या थरांशी जोडण्याची ही प्रवृत्ती इतकी जुनी आहे. आधुनिक समीक्षेने रसव्यवस्था सोडली आणि नेमकी ही श्रेणी तेवढी जपली, असे म्हणावे लागते. भयकथेचा वाचक कोण? कारकून, गिरणीकामगार, वसतिगृहातील विद्यार्थी, दुपारच्या फावल्या वेळी वाचनालयाचे पुस्तक उघडणारी गृहिणी. त्यांच्या वाचनाला इतिहासातून वगळणे म्हणजे त्यांनाच वगळणे होय. श्रमणाऱ्या माणसाची कड घेणाऱ्या प्रेमचंदांच्या वारसदारांना हे वगळणे खटकावयास हवे होते.

पाश्चात्त्य विद्यापीठांत या प्रकारांचा अभ्यास १९७० च्या आसपास स्थिरावला. त्झ्वेतान तोदोरोव यांचा अद्भुत साहित्यावरील ग्रंथ १९७० चा. दार्को सुविन यांचा विज्ञानकथेच्या मीमांसेचा ग्रंथ १९७९ चा. या दोघांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांची सूत्रे जशीच्या तशी उचलून भारतीय साहित्यास लावणे हा उपेक्षेचाच दुसरा प्रकार ठरेल. तोदोरोव यांच्या मते, घडणारी घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक याविषयीची वाचकाची द्विधा अवस्था हाच या साहित्याचा प्राण. होशरुबाच्या श्रोत्याची द्विधा कधी होतच नाही. तिलिस्म आहे हे त्यास पहिल्या वाक्यापासून ठाऊक असते. तो कोणत्या नियमाने भेदला जाईल, ही त्याची जिज्ञासा. सुविन विज्ञानकथेला परीकथेपासून वेगळे काढतात ते तिच्या बौद्धिक शिस्तीच्या आधारे. परंतु लखनौची दास्तान आणि बनारसचे देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' शेजारी ठेवली की ही भिंतही हलते. लखनौचा तिलिस्म जादूचा आहे. खत्रींचा तिलिस्म कळसूत्रांचा, गुप्त द्वारांचा आणि औषधी चूर्णांचा आहे. त्यातील प्रत्येक चमत्काराला भौतिक स्पष्टीकरण आहे. रचना तीच राहून कारणव्यवस्था मात्र जादूकडून यंत्राकडे सरकली. अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांचा भारतीय सांधा येथे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, उघड्यावर दिसतो. तो पाहण्याकरिता उर्दू आणि हिंदी एकत्र वाचाव्या लागतात, आणि मराठी वाचकास त्यात 'मंजुघोषा'पासून नारळीकरांपर्यंतचा आपला प्रवास ओळखता येतो. तौलनिक अभ्यासाला याहून समर्पक क्षेत्र मिळणे कठीण आहे.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो महाराष्ट्रातून यावा हे साहजिक आहे. भयकथा भुताखेतांवरील श्रद्धा पोसते. जेथे अंधश्रद्धेविरुद्ध लढताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २०१३ मध्ये प्राण गमवावे लागले, तेथे अशा साहित्याची प्रतिष्ठा वाढवणे कितपत योग्य? आक्षेपाचे वजन मान्य केलेच पाहिजे. परंतु कथेतील भय आणि जीवनातील श्रद्धा या दोन भिन्न गोष्टी आहेत. भोंदू बाबा भय विकतो ते आपले सांगणे खरे मानण्यास लावून. कथाकार वाचकाशी एक करार करतो: पुस्तक उघडे असेपर्यंत हे खरे, मिटल्यावर नव्हे. हा करार कोठे नीट पाळला जातो, कोठे मोडतो, कोणती कथा वाचकाला भयाच्या पार नेते आणि कोणती त्याच्या भयाचा फायदा उठवते, हे सांगणे समीक्षेचेच काम आहे. समीक्षा गैरहजर राहिली म्हणून भयकथा लिहिल्या जावयाच्या थांबल्या नाहीत. केवळ चांगली भयकथा आणि वाईट भयकथा यांतील भेद सांगणारे कोणी उरले नाही. विवेकवादी भूमिकेतून पाहिले तरी ही हानीच आहे.

दुसरा आक्षेप उसनवारीचा. धारपांच्या काही कादंबऱ्यांमागे स्टीफन किंग यांच्या कृती आहेत, हे जाणकारांना ठाऊक आहे. 'लुचाई' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. उसनवारी झाकण्याचे कारण नाही, ती नोंदवलीच पाहिजे. पण नोंदीने अभ्यास संपत नाही, तेथे तो सुरू होतो. फारसी हमजा लखनौत आला आणि लखनवी झाला. 'उमराव जान अदा' (१८९९) लिहिणाऱ्या मिर्झा हादी रुसवा यांनीही सनसनाटी कथांची रूपांतरे केली. अमेरिकेतील लहान गावावर पसरलेली सावली मराठी वस्तीवर पडते तेव्हा तिथले दैवत, तिथला वाडा, तिथले शेजारसंबंध कथेत काय फेरफार घडवतात, याचा शोध हा रूपांतराच्या अभ्यासाचा गाभा आहे. या शोधाअंती काही पुस्तके सामान्य ठरतील. ठरू द्यावीत. वाचून सामान्य ठरवणे आणि न वाचता सामान्य मानणे यांत समीक्षा असण्याचा व नसण्याचा भेद आहे.

अद्भुताला उच्च साहित्यात स्थान मिळू शकते याचा पुरावाही लखनौनेच दिला आहे. फारसीचे प्राध्यापक असलेले नैयर मसूद (१९३६–२०१७) आयुष्यभर याच शहरात राहिले. त्यांच्या उर्दू कथांत स्वप्न आणि जाग यांची सीमा पुसट होते. त्यांच्या 'ताऊस चमन की मैना' या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. होशरुबाच्या नगरात असा कथाकार निपजावा यास केवळ योगायोग म्हणता येत नाही. मौखिक दास्तानलाही २००५ पासून महमूद फारुकी यांच्या प्रयोगांनी रंगमंचावर पुन्हा श्रोता मिळाला. त्या पुनरुज्जीवनामागे शम्सुर्रहमान फारुकी यांचे मार्गदर्शन होते. खंड गोळा झाले, अभ्यास झाला आणि मग दास्तान पुन्हा बोलू लागली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हा क्रम मराठी माणसाला अपरिचित असण्याचे कारण नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये याच लखनौत संगीत महाविद्यालयाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्याआधी त्यांनी काय केले होते? घराण्यांच्या कंठात कोंडलेल्या चिजा त्यांनी ठिकठिकाणी फिरून मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त त्या छापल्या. त्यांच्या थाटपद्धतीवर मतभेद झाले आणि आजही होतात. पण ज्या सामग्रीच्या आधारे हे मतभेद मांडता येतात, ती संग्राहक भातखंड्यांनी वाचवून ठेवली. सिद्धान्त दुरुस्त करता येतो, हरवलेली चीज परत मिळवता येत नाही.

मराठी विभागांनी आणि भारतीय भाषांच्या केंद्रांनी हीच वाट धरावयास हवी. 'नवल'सारख्या मासिकांचे पूर्ण संच एकत्र करणे, धारप व त्यांच्या समकालीनांच्या लेखनाची कालानुक्रमे सूची करणे, रूपांतरांची मुळे शोधून नोंदवणे, बंद पडणाऱ्या वाचनालयांचे संग्रह रद्दीत जाण्यापूर्वी ताब्यात घेणे, हयात वाचकांच्या आठवणी नोंदवून ठेवणे ही कामे नवा सिद्धान्त मांडण्याइतकी आकर्षक नाहीत. पदोन्नतीच्या तक्त्यात त्यांना फारसे गुणही मिळत नसतील. परंतु पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रतिष्ठित कादंबरीकारावर आणखी एक प्रबंध लिहिण्याऐवजी दहांतील दोघांनी जरी अशी सूची हाती घेतली, तरी एका दशकात या साहित्याचा नकाशा तयार होईल. मूल्यमापन त्यानंतर करावे आणि ते कठोरपणे करावे.

प्रेमचंदांनी सौंदर्याची कसोटी बदलण्याची हाक दिली त्यास नव्वद वर्षे होत आली. कसोटी एकदा बदलली की ती कायमची बदलली, असे त्यांनाही अभिप्रेत नसावे. होशरुबाचे खंड वाचणाऱ्या गोरखपुरातील मुलाला त्या पानांत काय सापडले होते, हा प्रश्न भारतीय समीक्षेने अजून नीटसा विचारलेला नाही. तो विचारावयाचा तर ती पाने शिल्लक असली पाहिजेत. उर्दूची पाने एका अभ्यासकाच्या चिकाटीने बव्हंशी वाचली. मराठीची पाने अजून रद्दीच्या दुकानात आहेत, आणि तेथे ती फार काळ राहणार नाहीत.